तिसऱ्या टेबलाखालची फरशी

११ ऑगस्ट, सोमवार

मधुवंतीच्या सांगण्यावरून ही वही सुरू केली. रोज बोरिवलीहून तिचा फोन येतो आणि रोज मी सगळं ठीक आहे म्हणतो. काल ती चिडली. म्हणाली, "बाबा, मला सांगू नका, पण निदान लिहून तरी ठेवा."

जयंती होती तेव्हा संध्याकाळच्या चहाला मी तिला कारखान्यातलं सगळं सांगायचो. ती स्वतः तिथेच कामाला होती तेव्हाही, आणि तब्येतीमुळे घरी बसली तेव्हाही. सांगताना माझं काही चुकलं तर ती दुरुस्त करायची. तिला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात केलं. चहा अजून त्याच वेळेला होतो.

आज अबोलीने वर बोलावलं. लोणच्याचा हा कारखाना तिच्या आजीने, रत्नप्रभाबाईंनी, मुलुंडला काढला. आता ती बघते. दिवाळीनंतर दुबईचे खरेदीदार कारखाना पाहायला येणार आहेत. गेल्या खेपेला त्यांच्या माणसाने एकच शेरा मारला होता, पॅकिंग हॉलची फरशी ओली. तो खोटा नव्हता. आमच्याकडे तेल, मीठ, लिंबाचा रस सतत सांडतं. पोचारा मारून ते पसरतं, जात नाही.

अबोली म्हणाली, "काका, दोन रस्ते आहेत. एक तर सगळ्या फरशीवर एपॉक्सी मारून घेऊ. प्लास्टिकसारखा जाड थर बसतो, खालचं सगळं झाकलं जातं, कटकट संपली. नाही तर फरशी धुऊन लगेच कोरडी करणारं मशीन घेऊ."

"मशीन," मी म्हणालो.

"अहो, विचार तरी करा!"

"केला."

ती हसली. म्हणाली, "बरं, मग मशीन तुम्हीच निवडा. पण खंडेनवमीच्या आत. आणि फरशी पूर्ण कोरडी झाली पाहिजे. कुठे एक थारोळं दिसलं ना, की दिवाळीच्या सुट्टीत मी एपॉक्सी मारणार. मग रुसायचं नाही."

मी इतक्या घाईने का बोललो कळत नाही. एपॉक्सीचा वास मला सोसत नाही, हे एक कारण आहेच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज सगळा हॉल फिरून फरशी नीट पाहिली. मशीनवाल्यांना काय सांगायचं ते आधी आपल्याला माहीत असावं.

फरशी शहाबादी, कारखाना सुरू झाला तेव्हाची. सांधे रुंद आहेत. बहुतेक ठिकाणी पातळी ठीक आहे. फक्त तिसऱ्या टेबलाशी एका फरशीत खळगा पडला आहे, साधारण परातीएवढा. त्यात पाणी राहतं. कुणीतरी तिथे लाकडी फळी टाकली आहे. ती उचलून बाजूला ठेवायला सांगितली, म्हणजे मशीनची परीक्षा नीट होईल.

तिसरं टेबल लिंबाचं. लिंबाचं लोणचं आणि सरबत तिथे भरतात. जयंती सुरुवातीपासून त्याच टेबलावर होती. माझ्या खोलीची खिडकी त्याच्या बरोबर समोर आहे. पूर्वी ही खोली भांडाराची होती आणि मी भांडारात कारकून होतो. खिडकीतून रिकाम्या बरण्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. एकदा मी बराच वेळ बरण्या मोजत उभा होतो तर ती म्हणाली, "अहो, बरण्या खाली आहेत. तुम्ही वर बघून मोजताय." सगळ्या बायका हसल्या. त्यांच्यातली कुंदा तर टेबलावर डोकं ठेवून हसली होती.

पुढे व्यवस्थापक झालो तेव्हा मला वर वातानुकूलित खोली देऊ केली होती. मी खालीच राहिलो. इथून माल येता-जाताना दिसतो.

ठरवलं की जे मशीन त्या खळग्यातलं पाणी काढील तेच घ्यायचं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहिलं मशीन आलं. वर बसून चालवायचं. विमानतळावर असतं तसं. ते आणणाऱ्या माणसाने टाय लावला होता. अबोली स्वतः बसून पाहू म्हणाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या टेबलाच्या मधे ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना.

कुंदा पॅकिंगची प्रमुख आहे, जयंतीच्या बरोबरीची. ती ओरडली, "मॅडम, उतरू नका! आता तुमचीच मिरवणूक काढतो!"

टायवाला म्हणाला, "टेबलं थोडी हलवलीत तर छान बसेल."

मी म्हणालो, "टेबलं हलणार नाहीत."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण कुंदाने माझ्याकडे वळून पाहिलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. सगळ्यांना लवकर सोडलं.

दुसरं मशीन सकाळी पाहिलं. हे मागून ढकलत चालवायचं. पुढे दोन गोल ब्रश फिरतात, मागे रबरी पट्टी पाणी गोळा करते आणि नळीने टाकीत ओढून घेते. चालतं छान. पण सांध्यांत पाणी राहिलं, आणि खळगा जसाच्या तसा भरलेला. तो माणूस म्हणाला, "सर, सिमेंट भरा ना तिथे. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, सिमेंट लिंबाच्या रसाने निघून येतं. हे खरंच आहे.

तो म्हणाला, "मग ही एक फरशी बदला."

मी म्हणालो, बघू.

३ सप्टेंबर, बुधवार

तिसऱ्या कंपनीकडून किरण नावाचा इंजिनियर आला. तिशीचा असेल, गोवंडीला राहतो. मशीन आणलंच नाही. म्हणाला, "आधी फरशी बघतो सर. मुलगी न बघता पत्रिका कशाला काढायची?"

मग गुडघ्यावर बसून, फोनचा दिवा लावून त्याने सगळे सांधे पाहिले. गोल ब्रश इथे उपयोगाचे नाहीत म्हणाला. ते वरच्या वर फिरतात. लाटण्यासारखा आडवा ब्रश असलेलं मशीन लागेल, त्याचे केस सांध्यात उतरतात. खळग्यापाशी आल्यावर मी सांगितलं की हा खळगा कोरडा झाला पाहिजे, ही आमची अट आहे.

"सर, हा खळगा नाही, ही वाटी आहे," तो म्हणाला. "रबर सरळ असतं. ते वाटीत कसं उतरणार?"

"काही तरी असेलच की," मी म्हणालो.

त्याने खळग्यात बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला की जास्त मऊ रबराची पट्टी मागवून पाहतो.

चांगला माणूस आहे. जयंतीला आवडला असता. विचारून काम करणारी माणसं तिला आवडायची.

९ सप्टेंबर, मंगळवार

किरण मशीन घेऊन आला. लाटण्याचा ब्रश खरोखर चांगला आहे. सांधे स्वच्छ निघाले. कुंदा हात फिरवून म्हणाली, "अगं बाई, ही फरशी राखाडी आहे होय! मी आपली पिवळीच समजत होते."

पण खरी गोष्ट पुढे झाली. मशीन थांबल्यावर सफाईच्या बाईंनी सवयीप्रमाणे पिळलेल्या लिंबाच्या सालींची बादली आणली आणि तिसऱ्या टेबलाखाली साली घासायला बसल्या. सरबताचा रस काढून झाला की साली उरतात, त्यांनी फरशी घासायची ही आमची जुनी पद्धत आहे. रत्नप्रभाबाईंनी घालून दिलेली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तर मालकापासून शिपायापर्यंत सगळे साली घेऊन बसायचे आणि अख्खा हॉल घासायचे. मग रत्नप्रभाबाई चपला काढून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या. डोळ्यांनी त्या कधी फरशी पाहत नसत. पायाला काय लागतं ते पाहायच्या. त्यांनी मान हलवली की पेढे.

किरण म्हणाला, "ताई, थांबा थांबा! याला लिंबू लावता? रोज?"

कुंदा म्हणाली, "मग! म्हणून तर चकाकते."

किरणने मागच्या अंगणातून शहाबादीचा एक तुकडा आणला आणि त्यावर लिंबू पिळलं. रसाला बारीक फेस आला. सगळे वाकून बघत होतो.

"हा चुन्याचा दगड आहे," तो म्हणाला. "लिंबू त्याला खातं. घासल्यावर लखलखीत दिसतं कारण वरचा थर गेलेला असतो. तुमच्या त्या वाटीत कुणीतरी फार वर्षं फार प्रेमाने लिंबू घासलंय."

कुंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे आम्ही फरशीचंच लोणचं घातलं की!"

खूप हसले सगळे. मीही हसलो. मग खोलीत येऊन बसलो.

सगळ्यात चकचकीत जागा तिसऱ्या टेबलाखालची असायची. जेवणाच्या सुट्टीनंतर बाकीच्या बायका जरा टेकायच्या, तेव्हा जयंती साली घेऊन खाली बसलेली असायची. मी खिडकीतून म्हणायचो, "झाली की स्वच्छ." ती म्हणायची, "तुम्हाला तिथून काय दिसतंय?" मला दिसायचं. तिच्या बोटांना घरीही लिंबाचा वास यायचा. आमटीत हिंग घातलं की त्यात तो मिसळायचा आणि मधुवंती लहानपणी त्याला 'आईचा वास' म्हणायची.

मी आजवर समजत होतो की तो खळगा सांडलेल्या रसाने पडला असेल.

मऊ रबराने खळग्यातलं थोडं पाणी गेलं. थोडं राहिलं. अबोली येऊन पाहून गेली. तिने राहिलेल्या पाण्याकडे नुसतं बोट दाखवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

किरणला पुन्हा बोलावलं. आणखी मऊ रबर. पुन्हा थोडं पाणी राहिलं. त्याने विचारलं, "सर, एक विचारू? तिथे काही आहे का?"

मी म्हणालो, "काही नाही. पाणी राहतं."

तो "बरं" म्हणाला आणि नळी गुंडाळायला लागला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा पितृपक्षातला हा दिवस. वर्षश्राद्ध झालेलं असल्याने या वर्षी प्रथमच घातली. सुट्टी घेतली. जेवायला सवाष्ण म्हणून कुंदाला सांगितलं होतं. मधुवंती पहाटेच आली. वडे, खीर, कढी सगळं तिने केलं. मी नारळ खवून दिला, तो जाडाभरडा झाला.

कुंदा कारखान्यात मला साहेब म्हणते आणि घरी भावजी. दारातच म्हणाली, "भावजी, वजन उतरलंय. खाता की नुसती मशीनं बघता?"

जेवताना मशीनचाच विषय निघाला. मधुवंतीने विचारलं, एवढं काय अडलंय? मी सांगितलं, खळग्यातलं पाणी. कुंदाने वडा ताटात ठेवला.

"भावजी, ती फळी कुठे आहे?"

"कुठली?"

"खळग्यावरची. तुम्ही उचलायला लावलीत ती."

मी म्हणालो, बाजूला ठेवली आहे, परीक्षेपुरती.

"ती जयंतीने आणलेली. पाय भिजायचे तिचे. दिवसभर त्या आंबट पाण्यात उभी. बोटांच्या बेचक्या सोलून निघायच्या. घरी पायाला खोबरेल लावायची ना?"

लावायची. रोज रात्री. मला वाटायचं, उभं राहून पाय दुखतात म्हणून.

मी म्हणालो, "मला कधी बोलली नाही. फरशी बदलून दिली असती. माझंच तर काम ते."

कुंदा म्हणाली, "मी तेच म्हणायचे तिला, सांग गं तुझ्या साहेबांना. तर म्हणायची, नको. सांगितलं की हे उद्या गवंडी उभा करतील, नि गवंडी आला की आपलं टेबल तिकडे भिंतीशी नेऊन ठेवतील. मग परत कोण आणतंय इथे? मी म्हटलं, भिंतीशी काय वाईट आहे, पंखा तरी आहे! तर म्हणाली, तिथून खिडकी दिसत नाही."

मधुवंती उठून खीर आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

मी कुंदाला कढी वाढली. तिने वाटीवर हात धरला होता, तो मी पाहिला नाही. थोडी तिच्या हातावर सांडली. ती म्हणाली, "असू दे." मग म्हणाली, "आता त्या टेबलावर अक्षता आहे. सून माझी. फळी काढल्यापासून तिचेही पाय सोलवटलेत. मी बोलणार नव्हते, पण आज जयंतीचा दिवस आहे. म्हणून बोलले."

मधुवंतीने ओटी भरली, साडी दिली. जयंतीने घेऊन ठेवलेली पण न नेसलेली, लिंबाच्या रंगाची. कुंदाने ती मांडीवर ठेवली. बराच वेळ तिची घडी नीट करत होती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी पहिल्यांदा फळी जागेवर ठेवली. अक्षता म्हणाली, "साहेब, तुम्ही कशाला? मी घेते की." तिच्या पायांकडे पाहणं बरं दिसलं नसतं, पण दिसले.

अबोलीला जाऊन सांगितलं की किरणचं मशीन घ्यायचं, आणि ती एक फरशी दुरुस्त करायची. टेबल तात्पुरतं हलवावं लागेल, पण परत तिथेच येईल असं लिहून दे.

"लिहून?" ती म्हणाली. "काका, मी शब्द दिला तर पुरणार नाही?"

मी म्हणालो, पुरेल.

"पण एवढे दिवस तुम्ही दुरुस्तीला नाहीच म्हणत होतात की."

मी म्हणालो, तेव्हा सगळी माहिती नव्हती.

२० सप्टेंबर, शनिवार

हॉल बंद ठेवून गवंडी बोलावला. एवढ्या जाडीची शहाबादी आता मिळत नाही म्हणाला. पातळ मिळते, पण ती बाजूच्या फरश्यांत बसणार नाही, मशीन ठेचकाळेल. त्याने फरशीवर हातोडीचा दांडा आपटून आवाज ऐकला आणि म्हणाला, "दगड जिवंत आहे. हीच उपटून उलटी घालतो. खालची बाजू वर घेऊन घासून देतो. जुन्या घरांत आम्ही असंच करतो."

"फुटली तर?"

"फुटली तर फुटली."

मी खोलीत जाऊन बसलो नाही. तिथेच उभा राहिलो. पहारीने तो चारी बाजूंनी हळूहळू सांधा मोकळा करत होता. एकदा कच्च असा आवाज झाला. शेजारच्या फरशीची कपची उडाली होती. अखेर ती अख्खी निघाली. तो आणि त्याचा भाऊ, दोघांनी ती उभी धरली. खळगा पहिल्यांदा असा सरळ समोर दिसला. आतून अगदी गुळगुळीत, कडांकडे उथळ होत गेलेला. एका बाजूला थोडा जास्त खोल. जयंती डावखुरी होती, त्या बाजूला.

कुंदाला आज यायचं कारण नव्हतं, तरी आली होती. तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. मला काही विचारलं नाही. बोट बुडवलं आणि खळग्याच्या मधोमध टेकवलं. गवंडी म्हणाला, "ताई, ती बाजू खाली जाणार आहे."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू बसव."

खळगा पोकळ राहिला तर वजनाने फरशी तडकेल, म्हणून त्याने तो सिमेंटच्या मालाने गच्च भरला. मग फरशी पालथी घातली.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. माल वाळायला हवा म्हणून तिसरं टेबल भिंतीशी आहे. खिडकीतून नुसती मोकळी जागा दिसते. सवय नाही.

लिंबाच्या साली आता फरशीला लावायच्या नाहीत असा फलक अबोलीने लावला. बायकांना चुकल्यासारखं होतंय. सफाईच्या बाईंनी बादलीभर साली समोर ठेवून विचारलं, "मग यांचं करायचं काय?" कुंदाने देवघरातल्या समया आणि घंटा आणून दिल्या. पितळ लखलखीत निघालं.

२९ सप्टेंबर, सोमवार

मशीन आलं. किरणने कुंदाला आणि अक्षताला चालवायला शिकवलं. मलाही धरायला लावलं. ते स्वतःच पुढे ओढतं, आपण नुसतं दिशा द्यायची. मी भिंतीत घातलं. "साहेब, बरण्या मोजायला बसा तुम्ही," कुंदा म्हणाली. अक्षताला कळलं नाही काय ते. कुंदाने तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. मला ऐकू येत होतं. मी अडवलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाणी पिता-पिताच लिहितो आहे, कारण चहा टाकलेला नाही. घरी येऊन थेट लिहायला बसलो.

काल संध्याकाळी आदल्या दिवसाचं घासणं झालं नाही. त्याऐवजी मशीन फिरलं. सगळे रिकाम्या हातांनी भिंतीशी उभे राहून बघत होते. लग्नात आचाऱ्यांकडे काम सोपवल्यावर घरच्या बायका उभ्या राहतात तसे. थोड्या वेळाने कुणीतरी हात पुसायचं फडकं काढून टेबलांचे पाय पुसायला घेतले, मग सगळ्यांनीच घेतले. मीही.

आज सकाळी सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. झाकणं लावायचं यंत्र, रसाचं यंत्र, वजनाचे काटे. नव्या मशीनलाही. किरणला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, "ब्रशला तेवढं हळद-कुंकू लावू नका हं! हॉलभर पसरेल." कुंदा म्हणाली, "शिकवू नकोस. कुंकू कुठे लावायचं ते आम्हाला कळतं."

मग अबोलीने मशीन सुरू केलं. तिसरं टेबल परत जागेवर आलं आहे. तिथे सरबताची कळशी तिने स्वतः ओतली आणि त्यावरून मशीन एकदा नेलं. सगळे वाकून पाहायला लागले.

"काका," ती म्हणाली, "आजीची परीक्षा राहिली. ती असती तर तिने घेतली असती. आता इथे सगळ्यात जुने तुम्हीच."

मला असं सगळ्यांसमोर काही करायला आवडत नाही. पण चपला काढल्या, मोजेही काढले. या टोकापासून निघालो. फरशी गार होती. सांधे पायाला लागत होते, तेल लागत नव्हतं. तिसऱ्या टेबलाशी आलो आणि उभा राहिलो. उलटी घातलेली फरशी बाकीच्यांपेक्षा थोडी खरखरीत आहे. डोळे मिटून चाललो असतो तरी कळली असती.

तिथून मी समोर पाहिलं. इतकी वर्षं त्या खिडकीतून मी इकडे बघत आलो. इथे उभं राहून तिकडे कधी पाहिलं नव्हतं. जाळीतून माझी खुर्ची दिसत होती, टेबलाची कड, भिंतीवरचं कॅलेंडर. एवढंच. फार काही दिसत नाही तिथून.

"काय साहेब?" कुंदाने विचारलं. "लागतंय का काही पायाला?"

मी म्हणालो, "कोरडी आहे."

"मान हलवा की मग! पेढे अडकलेत."

मी मान हलवली.

घरी येऊन पाय धुतले आणि थोडं खोबरेल लावलं. आता चहा टाकतो. मधुवंतीला फोनही करायचा आहे. आज तिला सांगण्यासारखं आहे.